उसाला पाणी, टीव्ही बंद

दुपारचे दोन वाजून गेले होते. मी हातात मीटर घेऊन डिशसमोर उभा होतो आणि मीटर शून्य दाखवत होता. दोन तासांपूर्वी याच डिशला याच मीटरने मी फर्स्ट क्लास सिग्नल लावून दिला होता. त्यावर चहा घेतला होता, पोहेही हाणले होते. आत घरात पंधरा-वीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती, कारण चार वाजता त्या घरातली मुलगी टीव्हीवर कबड्डी खेळणार होती. आणि टीव्हीवर फक्त एक पाटी होती, सिग्नल उपलब्ध नाही.

"साहेब, आजवर तुमी गेल्यावर बंद पडायचं," घरमालक बापू म्हणाले. "आज तुमच्या समोरच पडलं की."

हे बोलताना त्यांना थोडा आनंद झाल्यासारखा मला वाटला. त्याला कारण होतं.

मी करमाळ्याच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. डिश बसवणे, बिघडलेली दुरुस्त करणे हे काम. आयटीआय केलंय, या धंद्यात अठरा वर्षं काढलीत, त्यामुळे लोक साहेब म्हणतात आणि मी म्हणू देतो. बापूंची वस्ती जेऊरच्या पुढे, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. चहूबाजूंनी ऊस आणि केळी. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी नवं कनेक्शन घेतलं तेव्हा डिश बसवायला मीच जाणार होतो. पण लग्नसराई होती, तीन-चार दिवस मला जमलं नाही. पाचव्या दिवशी फोन केला तर बापू म्हणाले, येऊ नका, डिश लागली. कुणी लावली विचारलं, तर म्हणाले, मी.

त्यांनी खोकं फोडलं, जेऊरहून मोबाइलवर उतरवून आणलेला व्हिडिओ लावला आणि बसवली. मोबाइलवरच होकायंत्र लावून दिशा धरली. मग घरातून बायकोने ओरडून सांगायचं, आलं, गेलं, परत आलं, आणि बाहेर यांनी डिश हलवायची. सव्वा तासात चित्र. जेऊरला गेल्यावर त्याचा फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला. पुढे शेजारच्या दोन घरांनाही त्यांनी डिश लावून दिली. तिसऱ्या घरचं बोलावणं आलं तेव्हा बापू म्हणाले होते म्हणे, आधी चहाचं आधण ठेवा, मग येतो. हे मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही माझी लाइन आहे हो. मी कधी त्यांच्या उसाच्या कांड्या लावायला गेलो नव्हतो.

म्हणून जेव्हा त्यांची पहिली तक्रार आली, तेव्हा मी जेऊरपर्यंत शीळ घालत गेलो होतो.

डिश पत्र्यावर नव्हती. घर पत्र्याचं. बापूंनी आधी पत्र्यालाच स्क्रू मारले होते, पण पहिल्याच पावसात नेमकं पिठाच्या डब्यावर गळायला लागलं आणि त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी छपराला हात लावायला कायमची बंदी केली. मग बापूंनी पाण्याच्या मोटारीच्या जुन्या लाइनचा लोखंडी पाइप घराच्या बाजूला, उसाच्या कडेला जमिनीत गाडला आणि त्याच्या डोक्यावर डिश चढवली. जमिनीच्या वर चार फूट, खाली तीन फूट. "दगड ठासून गाडलाय. म्हैस बांधा, हलणार न्हाय," ते मला म्हणाले होते.

मी पाइपाला धक्का देऊन पाहिला. खरंच हलला नाही. मग मी आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे एलएनबी बदलला. डिशच्या समोर दांड्यावर जे बोंड असतं, ते एलएनबी. डिश आकाशातून आलेला सिग्नल गोळा करते आणि या बोंडावर टाकते, तिथून तो केबलने घरात. काहीच समजलं नाही की आम्ही एलएनबी बदलतो. मग डिश जराशी फिरवली, चित्र आलं. बापूंनी ओटीपी सांगितला. ग्राहकाने ओटीपी दिला की आमच्या मोबाइलमधल्या अॅपवर कॉल बंद होतो आणि आमचा त्या घराशी संबंध संपतो. अॅपवर बिघाडाचं कारणही निवडावं लागतं. मी निवडलं, ग्राहकाने स्वतः केलेली छेडछाड. निवडताना बरं वाटलं.

बारा दिवसांनी तीच तक्रार. याला आम्ही रिपीट म्हणतो, आणि रिपीट आला की टेक्निशियनच्या नावापुढे लाल खूण पडते. मी दोन दिवसांनी गेलो, केबलचे कनेक्टर बदलले, डिश पुन्हा फिरवली, चित्र आलं. कारण, छेडछाड. आणखी बारा दिवसांनी पुन्हा. त्या वेळी सुमनबाई चहा देता देता म्हणाल्या, "उसाला पाणी दिलं की टीव्ही जातोय, बगा."

मी हसलो. बापूही हसले. त्या एका बाबतीत आमचं पटलं. मी त्यांना समजावून सांगितलं की पाणी द्यायचं म्हणजे मोटर चालू होणार, मोटर चालू झाली की व्होल्टेज पडणार, आणि व्होल्टेज पडलं की सेट टॉप बॉक्स रुसणार. मी स्टॅबिलायझर बसवायला सांगितला. बापूंनी त्याच दिवशी आणला. सुमनबाई कप घेऊन आत गेल्या.

आता हा चौथा कॉल. त्यांची मुलगी साक्षी शाळेच्या मैदानावरून थेट राज्याच्या मुलींच्या संघात गेली होती. परराज्यातल्या स्पर्धेत तिची उपांत्य फेरीची मॅच होती आणि ती पहिल्यांदाच टीव्हीवर दाखवणार होते. सुमनबाईंनी मुलीला कधी मोठ्या मैदानावर खेळताना पाहिलं नव्हतं. गुरांना सोडून जाणार कुठे? मोबाइलवर बघायचं म्हटलं तर वस्तीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते, तीही बोलण्यापुरती. आणि सकाळी दहा वाजता टीव्ही गेला. बापूंनी टाकीवर चढून आमच्या बॉसना असा काही फोन केला की बॉसनी मला दुसऱ्याच्या घराच्या शिडीवरून खाली उतरवून तिकडे पिटाळलं.

या वेळी मी तक्रारीच्या दिवशीच पोचलो होतो. आधी कायम दोन दिवसांनी जायचो. हा फरक महत्त्वाचा होता, पण तेव्हा माझ्या डोक्यात तो आला नाही.

तर, दोन वाजता मी मीटर घेऊन उभा. पहिला संशय व्होल्टेजवर. बापूंना म्हटलं, मोटर बंद करा. त्यांनी केली. पाच मिनिटं थांबलो. व्होल्टेज झकास, चित्र नाही. म्हणजे माझं स्टॅबिलायझरचं अख्खं व्याख्यान फुकट. एलएनबी बदलला. नाही. केबल तपासली. नाही. आतली गर्दी दर पाच मिनिटांनी एक माणूस बाहेर पाठवत होती. तो माझ्याकडे बघायचा आणि काही न बोलता परत जायचा. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मी बॉसना फोन करायला टाकीवर चढलो. ते म्हणाले, "साइट नॉट फीजिबल टाक आणि ये."

म्हणजे ही जागाच डिशच्या लायकीची नाही असं लिहायचं आणि निघायचं. नियमाने बरोबर होतं. कंपनी फक्त भिंतीवर नाहीतर स्लॅबवर डिश बसवायला सांगते. मी खाली उतरलो तेव्हा सुमनबाई टाकीपाशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी रडण्याचं काही चिन्ह दाखवलं नाही.

"चला माझ्यासंगं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला पाइपापाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. उसाच्या शेवटच्या सरीतलं पाणी कडेच्या जमिनीकडे येत होतं. तिथली काळी माती वाळून भेगाळली होती, हात जाईल एवढ्या भेगा. पाणी त्या भेगांत उतरत होतं आणि थेट पाइपाच्या बुडाशी जात होतं. बुडाशी माती टम्म फुगली होती आणि एका बाजूला पाइप आणि मातीच्या मध्ये फट पडली होती.

"म्या तीनदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "एकदा तुमाला, दोनदा ह्यांना. काल रात्री बी म्हनलं, उद्या मोटर नका लावू. तर म्हनं दिवसाची लाइट हाय, ऊस वाळंल."

मी बॅगेतून लेव्हल काढली, बुडबुडावाली असते ती, आणि पाइपाला टेकवली. बुडबुडा सरळ एका कोपऱ्यात गेला. पाइपाचं टोक दोन-अडीच बोटं कललं होतं. सामान्य माणसाला दोन-अडीच बोटं म्हणजे काहीच नाही. पण डिशचा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर असतो. इथे दोन बोटं सरकली की तिथे डिश भलत्याच रिकाम्या आकाशाकडे बघत बसते.

मग सगळं उलगडलं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. दर बारा दिवसांनी पाण्याची पाळी आली की पाइप कलायचा. मी दोन दिवसांनी जायचो, तेव्हा माती स्थिर झालेली असायची. कललेल्या पाइपावर मी डिश नीट फिरवून द्यायचो आणि पुढच्या पाळीपर्यंत चित्र टिकायचं. आज आल्या आल्याही मी तेच केलं, पण पाणी चालू असल्याने पाइप माझ्यामागे पुन्हा सरकला. पाइप सरळ आहे का, हे चार वेळांत एकदाही मी पाहिलं नव्हतं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. मला मनापासून लाज वाटली.

बापू फुगलेल्या मातीकडे बघत होते. "तीन फूट गाडलाय की," ते हळूच म्हणाले.

"तीन फूट मातीतच गाडलाय ना," मी म्हटलं. "मुरूम लागेपर्यंत खणायला पाहिजे होतं. काँक्रीट पाहिजे होतं."

"ते व्हिडिओत न्हवतं."

व्हिडिओ करणाऱ्याच्या घराभोवती ऊस नसणार, हे आम्हा दोघांनाही मान्य झालं.

तीन वाजले होते. काँक्रीट वाळायला वेळ नव्हता. छपराला बंदी होती, आणि ती उठवा म्हणायची माझी हिंमत नव्हती. अंगणात मुरूम टाकून धुम्मस केलेलं होतं, ती जागा घट्ट होती, पण तिथे डिश धरून ठेवेल असं जड काय? मी चारी बाजूंना पाहिलं. म्हैस होती, पण ती हलते. आणि शेडखाली रोटाव्हेटर होता. ट्रॅक्टरमागे लावून माती भुसभुशीत करायचं यंत्र, चांगलं चारशे-साडेचारशे किलोचं धूड, चार विटांवर टेकवून ठेवलेलं.

"बापू, हा बाहेर काढा."

"उद्या भाड्यानं जायचाय तो. शब्द दिलाय."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. बापू ट्रॅक्टर आणायला गेले.

सतरंजीवरची गर्दी आता अंगणात आली. रोटाव्हेटर अंगणाच्या मधोमध ठेवला. त्याच्या वरच्या चौकटीला मी दोन क्लॅम्प आणि हातभर बाइंडिंग तार घेऊन पाइपाचा तुकडा आवळला, लेव्हलने सरळ केला आणि वर डिश चढवली. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे चित्र कुठेही सापडणार नाही. मीटरवर आकडा चढायला लागला, पण केबल घराच्या दारापर्यंतच पुरत होती. तिला जोड देईपर्यंत चारला दहा कमी. आतून सुमनबाईंचा आवाज आला, "आलं." मी स्क्रू आवळला. पुन्हा आवाज आला, "हाय. हाय. आता हात लावू नका."

मॅच मीही बघितली. जाववलं नाही.

खरं सांगायचं तर मॅचमध्ये साक्षी दिसेचना. ती बाकावर बसली होती. कॅमेरा कधी प्रशिक्षकांवर गेला तर त्यांच्या खांद्यामागे तिचं अर्धं तोंड दिसायचं, आणि सगळी खोली ओरडायची, ती बघा. पुढच्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे. मध्यंतर झालं, दुसरा डाव निम्मा झाला, तरी ती बाकावरच. बापूंनी त्या प्रशिक्षकांचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. शेवटची काही मिनिटं उरली असताना तिला आत घेतलं. समोरची चढाई करणारी मुलगी वाघीण होती, मॅचभर कुणाला सापडली नव्हती. ती कोपऱ्यात शिरली, आणि साक्षीने खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. ती मुलगी ओढत राहिली, साक्षी फरफटत गेली, पण घोटा सोडला नाही.

खोलीत कोण काय ओरडलं ते सांगता येणार नाही. सुमनबाई ओरडल्या नाहीत. त्या पुढे गेल्या आणि टीव्हीच्या काचेवर, जिथे साक्षीचं कोपर दिसत होतं, तिथे हात ठेवला. "खरचटलं असंल," त्या म्हणाल्या. मग पदराने काच पुसली आणि जाग्यावर येऊन बसल्या.

संघ तीन गुणांनी हरला. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

निघताना अॅप उघडलं. बापूंनी ओटीपीसाठी टाकीवर चढून आकडा ओरडून सांगितला. कारणाच्या यादीत एलएनबी, केबल, हवामान, ग्राहकाची छेडछाड असं सगळं होतं. उसाला पाणी हे नव्हतं. सगळ्यात खाली एक ओळ होती, टेक्निशियनची चूक. अठरा वर्षांत ती ओळ निवडलेला माणूस मला भेटला नाही. मी ती निवडली.

जेऊरला पोचलो तोवर बॉसचा फोन.

"बोट चुकून लागलं का रे?"

"नाही सर."

"अरे, ती ओळ फक्त दाखवायला ठेवलीय."

मी म्हटलं, आता राहू द्या. लाल खूण पडली. पडू दे.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की बॅग उघडण्याआधी मी विचारतो, टीव्ही रोज कोण बघतं? आणि जो कुणी बघतो, त्याचं आधी ऐकून घेतो. निम्मे एलएनबी वाचतात.

बापूंनी मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून ठेवलाय, सिमेंटही आणलंय. पण डिश अजून रोटाव्हेटरवरच आहे आणि रोटाव्हेटर अंगणात. साक्षीच्या यंदाच्या सगळ्या मॅचेस संपेपर्यंत तो भाड्याने जाणार नाही, असं सुमनबाईंनी सांगितलंय. या वेळी बापूंनी पहिल्याच सांगण्यात ऐकलं.