राहत्या वस्तीतला डंका

काकी निवांत बसल्या आहेत असं दृश्य मला आठवतच नाही. त्या जेवायच्यासुद्धा उभ्याने, एक डोळा मुसळांवर ठेवून. महाडच्या आमच्या आळीत, चढावरच्या घराच्या मागल्या पडवीत त्यांचा मसाला कुटायचा डंका होता. "बसलं की जीव वर-खाली होतो गो," म्हणायच्या आणि चाळणी उचलायच्या.

पूर्वी तो डंका बाजारातल्या गाळ्यात होता. पुराचं पाणी छताला लागलं आणि यंत्र गेलं. नवं घेतलं ते काकींनी थेट घरी आणलं, कारण चढावर पाणी येत नाही. नवरा कधीच गेलेला, मुलगा मुंबईत. मुलापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा हट्ट.

उन्हं तापली की पोलादपूरकडच्या बायका मिरच्यांची गाठोडी घेऊन एसटीने यायच्या. आपला मसाला दुसरीच्यात जाऊ नये म्हणून डंक्याशेजारी राखण करायच्या. काकी एखादीवर डाफरायच्या, "धणे कच्चे ठेवलेस. सासू काय झोपली होती?" आणि लगेच तिलाच चहा द्यायच्या. आळीत सगळे शिंकत असायचे. बाहेर पडताना कुणी शिंकलं म्हणून थांबायचं ठरवलं असतं, तर आमच्यापैकी एकही जण कामावर पोचला नसता.

मग शेजारच्या नव्या इमारतीत एक जोडपं राहायला आलं. त्यांच्या लहान मुलाला दमा होता. त्यांनी तक्रार केली आणि नगरपालिकेचे साहेब आले. "राहत्या वस्तीत डंका चालणार नाही. बाजारात गाळा घ्या."

"साहेब, बाजारात नदी शिरते. तिला नोटीस दिली का कुणी?"

साहेब हसले, पण नोटीस देऊन गेले. काकी चवताळल्या. पडवीला ओली गोणपाटं लावली, खिडक्या बुजवल्या, वकिलाकडे खेटे घातले. डंका राहू द्या अशा अर्जावर आम्ही आळीकर सह्या करायला तयार होतो. मीही होते, आणि त्या पोराच्या आईसमोरून जाताना मान खाली घालत होते.

एका दुपारी मुसळांखाली अर्धा मसाला असताना पलीकडून पोराची धाप ऐकू आली. काकींनी बटण बंद केलं. मी पडवीतच होते. "ऐकलंस गो? नोटिशीला मी भीत नाय. पण हे कसं ऐकायचं?" उरलेला मसाला त्यांनी खलबत्त्यात कुटला. तो डंका तिथे पुन्हा सुरू झाला नाही.

बाजारात परत गाळा घेतला. टेम्पोत यंत्र चढवताना त्या हमालांवर इतक्या ओरडल्या, की मला रडायलाही उसंत मिळाली नाही.

त्याच पावसाळ्यात बाजारात पाणी भरलं. काकींना आम्ही ओढून वर आणलं. डंका खालीच राहिला. चिखलातून काढला, पण मोटर काही सुरू होईना. तिसऱ्यांदा उभं राहायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. गणपतीला मुलगा आला आणि जाताना त्यांना घेऊन गेला.

साहेबांनी नियम पाळला, आईने पोराला जपलं. चूक कुणाची म्हणावी? राग मात्र जात नाही, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

काकींचा अधूनमधून फोन येतो. स्वतःचं काही सांगत नाहीत. विचारतात, "पोराची धाप बसली का गो?"

"बसली, काकी. आता मैदानात खेळतो."

"बरं झालं," त्या म्हणतात. मला मात्र फोन ठेववत नाही.