अक्रोडाला जामीन

तूरान-खानूमना झाडांची आई म्हणतात ते आमच्या गल्लीबाहेरचे लोक. गल्लीतले काय म्हणतात ते इथे लिहिलं तर छापणाऱ्याची पंचाईत होईल. बावीस वर्षं त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, म्हणून शपथेवर सांगतो, अक्रोडाच्या भानगडीआधी या बाईंनी एकदाही मान वर करून झाडाकडे पाहिलेलं मला आठवत नाही. पानं, मोहर, पाखरं यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांची नजर बुंध्यावर. कारण कायद्यात बुंधा आहे, पाखरं नाहीत.

तेहरानात झाडाच्या बुंध्याचा घेर अर्ध्या मीटरच्या वर गेला की ते तुमच्या अंगणात, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं तरी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ते विसरून जगत असतात. तूरान-खानूम विसरत नव्हत्या. एकतीस वर्षं एका नोंदणी कचेरीत टाइप करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि कलमं त्यांना नातवंडांच्या नावांसारखी पाठ होती. नातवंडं नव्हती, म्हणून कलमंच. पर्समध्ये शिंप्याची टेप कायम. एकदा लग्नाला गेल्या, तर जेवणाआधी नवऱ्यामुलाच्या बापाच्या अंगणातला पाइन मोजून आल्या आणि पुलावाचं ताट हातात घेऊन म्हणाल्या, "त्र्याण्णव. सांभाळा बरं का, आगा."

मी स्वतः एकदा माझ्या गाडीवर चिकट तुती गळतात म्हणून तुतीची एक फांदी कापली. फांदी खाली पडायच्या आत नगरपालिकेचे इंजिनियर दारात. भिंतीपलीकडून आवाज आला, "सिरूस-आगा, त्यांना चहा विचारा. उन्हातून आलेत बिचारे."

तर अशा या बाई. त्यांच्या दक्षिणेला हेदायत-आगांचं घर. हेदायत-आगा निवृत्त बसचालक. बस गेली, हॉर्न गळ्यात राहिला. घर वडिलांचं, जुन्या धाटणीचं: स्वयंपाकघर तळघरात, झोपायची खोली वर. बायको मोलूक-खानूम यांचे गुडघे असे, की त्या खालून चहा घेऊन वर पोचेपर्यंत चहाचं सरबत झालेलं असायचं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पायऱ्या बंद. एक बांधकामवाला तयार होता. जुनं पाडायचं, चार मजले, लिफ्ट, आणि खालच्या मजल्यावरचा फ्लॅट हेदायत-आगांना. मोलूक-खानूम त्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर झोपेत लावत असत. सकाळी मला सांगायच्या, "काल फ्रिज डावीकडे घेतला, सिरूस-आगा. दार नीट उघडतं."

आड फक्त एक अक्रोड. अंगणाच्या अगदी मधोमध, घेर एक मीटर बहात्तर. सहा वर्षांत त्याने एक फळ दिलं नव्हतं, पण कायदा फळं विचारत नाही. बांधकामवाला म्हणाला, झाड ठेवून बांधायचं तर उरते ती जागा कोंबड्या पाळायला ठीक आहे.

आणि तूरान-खानूमना त्या अक्रोडाचा एवढा पुळका कशाचा? तेही सांगतो, कारण त्या कधीच सांगणार नाहीत. दक्षिणेला चार मजले उभे राहिले की त्यांच्या अंगणातलं ऊन संपलं. तिथे त्या पुदिना वाळवतात, लोणच्याच्या बरण्या ठेवतात, हिवाळ्यात खुर्ची टाकून पाठ शेकतात. अक्रोड उभा तोवर ऊन त्यांचं. एवढीच निसर्गसेवा.

दोघांचं भांडण ऐकायला मी भिंतीलगत स्टूल ठेवलं होतं. आमच्याकडे भांडतानाही गोड बोलायची रीत आहे, त्यामुळे अनोळखी माणसाला वाटावं की दोन भाऊबहीण भेटलेत.

"तूरान-खानूम, तुमच्यावरून जीव ओवाळतो. काल रात्री तुम्ही माझ्या झाडाच्या मुळाशी वाकून वास घेत होता म्हणे?"

"तुमची सावली आमच्यावर राहो, हेदायत-आगा. डिझेलचा वास येतो का पाहत होते. लोक ओततात. झाड वाळलं की म्हणतात, देवाची मर्जी."

"मी बस चालवली, बाई. डिझेल मला प्यायलाही पुरलं नाही, झाडाला कुठून ओतू?"

"म्हणूनच विचारलं. सवय असते हाताला."

मग मार्चात नौरोजला आमचं नवं वर्ष लागतं, त्याच्या आधीच्या शुक्रवारी हेदायत-आगा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तूरान-खानूमच्या दारात उभे. माझ्या स्टुलावरून मी पडता पडता वाचलो.

"खानूम, एक विनंती. अक्रोडाला दम द्यायचाय."

फळ न देणाऱ्या झाडाला वर्ष संपायच्या आत दम द्यायचा, ही आमची जुनी पद्धत. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने मध्ये पडून झाडासाठी जामीन राहायचं. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी लागतं. जामीन राहणारं माणूस वडीलधारं आणि शब्दाचं पक्कं हवं.

"गल्लीत तुमच्याशिवाय शब्दाचं पक्कं कोण आहे?" हेदायत-आगा म्हणाले.

बावीस वर्षांत त्या बाईंचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यांनी चांगला रुमाल बांधला, अत्तर लावलं आणि आल्या. गल्ली जमली. मोलूक-खानूम पायरीवर बसून मोबाइलवर चित्रण करत होत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण त्या बाई स्वतःच्या भाच्याच्या लग्नातही फोटो काढत नाहीत.

हेदायत-आगांनी कुऱ्हाड उगारली. "सहा वर्षं पाणी पितोयस आणि एक अक्रोड नाही! आज तुझा शेवट!" कुऱ्हाडीची बोथट बाजू बुंध्यावर आपटली. खरं सांगतो, झाडाचं माहीत नाही, मी घाबरलो.

"थांबा!" तूरान-खानूम पुढे झाल्या. "मी जामीन आहे. पुढच्या वर्षी फळ देईल."

"आणि नाही दिलं तर?"

इथे रीतीप्रमाणे म्हणायचं असतं, "नाही दिलं तर मग तोडा." ते झाडाला ऐकवायचं असतं, माणसांना नव्हे. पण एकतीस वर्षं टाइप केलेली जीभ. बाई ताठ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नाही दिलं, तर सदर झाड तोडण्यास माझी कोणतीही हरकत राहणार नाही."

मग हेदायत-आगांनी कुऱ्हाड खाली ठेवली, बायकोकडे पाहिलं. "आलं का सगळं?"

"तारखेसकट," मोलूक-खानूम म्हणाल्या.

तूरान-खानूमच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बावीस वर्षं वाट पाहून पाहिलं, आणि लाजत नाही, मजा आली.

त्या दिवसापासून बाई झाडाकडे मान वर करून पाहायला लागल्या. एप्रिलात मोहर आला आणि मागोमाग डोंगरावरून थंडी उतरली. सहा वर्षं मोहर जाळत होती ती हीच. बाईंनी पहाटे उठून गच्चीवर ओला पालापाचोळा पेटवला, मोहराला ऊब मिळावी म्हणून. धूर अक्रोडाकडे गेला नाही, मोलूक-खानूमच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर गेला.

"तूरान-खानूम, तुमचे हात सोन्याचे होवोत! चादरी काळ्या झाल्या!"

"झाडाला थंडी वाजतेय, मोलूक-खानूम."

"मला गुडघे वाजतायत! त्यांच्याखाली कोण जाळ करतंय?"

मोहर जळालाच. मे महिन्यात सगळ्या गल्लीला कळलं की या वर्षीही काही नाही. हेदायत-आगा शिट्टी वाजवत फिरायला लागले. बांधकामवाला येऊन पावलांनी अंगण मोजून गेला.

आणि सप्टेंबरात चमत्कार. तूरान-खानूमच्या भिंतीवर झुकलेल्या फांदीला हिरव्या सालीचे सात अक्रोड! बाईंनी गल्लीत हाक घातली, "या, बघा! जामिनाचा शब्द राहिला!"

आम्ही पाहिले. अगदी खरे अक्रोड. फक्त, त्या उकाड्यात बाईंच्या हातात लोकरीचे हातमोजे होते.

"थंडी वाजतेय का, खानूम?" मी विचारलं.

"सांधे दुखतात."

"कालपर्यंत तर बोटांनी टेप धरत होतात. बघू."

"सिरूस-आगा, तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलंत, आता हातमोज्यातही खुपसणार?"

ओल्या अक्रोडाचा रस ज्याने हाताळला त्याची बोटं काळी होतात आणि पंधरा दिवस कुठल्याही साबणाला दाद देत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. हेदायत-आगांनी शिडी लावली, फांदी खाली ओढली, आणि हॉर्न वाजला, "दोरा! हिरवा दोरा! अहो, देठाला गाठ मारलीय! तजरीशच्या बाजारातून आणून टांगलेत!"

बाईंनी मोजे काढले नाहीत. म्हणाल्या, "झाडाला फळ आहे की नाही? ते कसं आलं असं कुठे ठरलं होतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे नगरपालिकेच्या हरित विभागात. मी साक्षीदार. हेदायत-आगांच्या पिशवीत सात अक्रोड, दोऱ्यासकट, आणि मोबाइलमध्ये चित्रण. टेबलामागे तोच इंजिनियर, माझ्या तुतीवाला. त्याने चित्रण दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा शेजारच्या टेबलालाही दाखवलं.

"खानूम, हे तुम्हीच म्हणालात?"

मला वाटलं बाई पलटी मारणार. पण जन्मभर लोकांची लिहून दिलेली वाक्यं टाइप केलेल्या बाई. ओठ दाबून म्हणाल्या, "मीच म्हणाले. शब्द माझा. फळ आलं नाही. माझी हरकत मी मागे घेते."

ऊन जात होतं त्यांचं. हेदायत-आगा विजयाने माझ्या मांडीवर थापा मारत होते.

इंजिनियरने मोबाइल परत दिला. "अक्रोडाने फळ द्यावं असं कुठल्या कलमात आहे?"

"पण त्या जामीन होत्या!"

"कुणाला? झाड त्यांचं आहे?"

"माझं आहे! माझ्या वडिलांनी लावलंय!"

"पन्नास सेंटिमीटरपर्यंत तुमचं होतं, आगा. आता एक मीटर बहात्तर आहे. हिरवं आहे, निरोगी आहे. परवानगी नाही."

"आणि माझी हरकत?" तूरान-खानूमनी विचारलं.

"तुमची हरकत असली काय, नसली काय. आम्ही त्या गल्लीत तसंही दर वर्षी मोजायला येतो, खानूम. तुमच्या तक्रारी..." त्याने मागच्या कपाटाकडे हात केला. त्यात एक जाडजूड गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. सुतळीवर धूळ होती. "सोडवायला वेळ नाही झाला."

ऊन वाचल्याचं ऐकून बाई हसल्या असत्या, तर मी समजलो असतो. त्यांचा चेहरा मात्र मघापेक्षा पडला. इंजिनियरने हेदायत-आगांकडून आणखी एका कागदावर सही घेतली. झाड वाळलं तर आधी तुम्हाला विचारू, असा त्याचा अर्थ.

परतताना एकच टॅक्सी. मागच्या सीटवर मी मध्ये, दोन्हीकडून कोपरं. अर्ध्या वाटेत हेदायत-आगा म्हणाले, "बावीस वर्षं आख्खी गल्ली घाबरली. एका न सोडलेल्या गठ्ठ्याला."

"ड्रायव्हर-आगा, उजवीकडून घ्या," बाई म्हणाल्या. "इथे डावीकडे वळायला मनाई आहे."

बांधकामवाला पलीकडच्या गल्लीत गेला. तिथे आता लिफ्ट आहे. आमच्याकडे अक्रोड आहे. यंदाचा उन्हाळा कडक निघाला, झाडाची पानं कडेने तपकिरी व्हायला लागली, आणि सही केलेल्या हेदायत-आगांना संध्याकाळी बादल्या वाहाव्या लागतात. नळ तळघरात आहे. ते बादली वर आणतात, झाडाच्या पूर्वजांचा उद्धार करतात, ओततात, परत खाली जातात. तूरान-खानूम गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि मोठ्याने मोजतात. तक्रार करणं त्यांनी सोडलंय. मोजणं सुटत नाही.

परवा हेदायत-आगांची कंबर धरली. बादली मोलूक-खानूमनी घेतली. अर्धीच भरलेली, एका हातात, दुसरा हात भिंतीला. एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर आल्या. गच्चीवरून आवाज आला, "एक."

मोलूक-खानूमनी पाणी ओतलं. वर पाहिलं. त्या एरवी कधी आवाज चढवत नाहीत.

"तूरान-खानूम, बादल्या मोजताच आहात, तर माझ्या पायऱ्याही मोजा. सतरा आहेत."

मी स्टुलावर टाचा उंचावल्या. गच्चीवरची खुर्ची कठड्याजवळ सरकली.

"अठरा," तूरान-खानूम म्हणाल्या. "तुम्ही उंबरा धरला नाहीत."

मोलूक-खानूमनी रिकामी बादली उचलली, भिंतीवरून पलीकडे भिरकावली, आणि ती लोणच्याच्या बरण्यांवर जाऊन पडल्याचा आवाज मी दोन्ही कानांनी ऐकला.