अप्पांचा घास

बसवकल्याणच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. अन्ननलिकेचा धडा मी सायकलच्या जुन्या ट्यूबवर शिकवायचो. ती ट्यूब माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, कापून दिली होती. आत गोटी घालायची आणि मागून दाबत जायचं. "घास गिळला की आपलं काम संपलं," मी पोरांना सांगायचो. "पुढचं नळीच्या भिंतीतले स्नायू करतात. ते आपलं ऐकत नाहीत. मागं आवळतात, पुढं सैल होतात. तळाशी स्नायूंचा एक वेढा असतो, घास आला की तो उघडतो." गोटी बाहेर पडली की पोरं टाळ्या वाजवायची.

ट्यूब कापून दिली त्याच वर्षी अप्पा जेवता जेवता उठून उभे राहायला लागले. दोन घास खायचे, उठायचे, हात वर करून छाती ताणायचे, वर तांब्याभर पाणी प्यायचे. "छातीत आडकायलंय रे," म्हणायचे. बायकोला वाटलं, आपली भाकरी कडक होते. ती दुधात कुस्करून द्यायला लागली. कधी कधी ते दूधही उलटून यायचं. अप्पांचं अंग उतरलं. मी म्हणायचो, वय झालंय, घाईनं खातात.

मुलीच्या साखरपुड्यात पंगत बसली होती. अप्पा मधेच उठले आणि अंगणापर्यंत पोचायच्या आत त्यांना उलटी झाली. भात जसाच्या तसा बाहेर. मी पाहुण्यांसमोर ओरडलो, "अप्पा, लोकात तरी नीट बसा की! कामून हे नाटक करायलाव?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "चुकलं बाबा," म्हणाले.

त्यानंतर ते आमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. सगळ्यांचं झालं की मागच्या खोलीत ताट न्यायचे. मला बरं वाटलं होतं. लिहिताना मान खाली जाते, पण खरंच बरं वाटलं होतं.

गुलबर्ग्याला त्यांना नेलं तेही बायकोनं हट्ट धरला म्हणून. डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून फोटो काढले. पडद्यावर अन्ननलिका दिसली. वर पिशवीसारखी फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती. डॉक्टर मला समजावायला लागले, "स्नायू घास पुढं ढकलत नाहीत, आणि तळाचा वेढा सैलच होत नाही. म्हणून अन्न वरच साठतं."

अप्पा खुशीत म्हणाले, "त्याला सांगायची गरज न्हाई, साहेब. माझा लेक शाळेत पोरायला हेच शिकवतो."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. किती दिवसांपासून त्रास आहे, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. अप्पांनीच सांगितलं, "दीड वरीस झालं."

तोंडातून नळी घालून, आत फुगा फुगवून डॉक्टरांनी तो वेढा ताणला. दोन दिवसांनी अप्पांनी दवाखान्याच्या खाटेवर बसून मऊ इडली खाल्ली. प्रत्येक घासाला थांबायचे, तो खाली गेला का बघायचे, मग पुढचा तोडायचे. मी खाली फरशीकडं बघत बसलो.

परतीच्या बसमध्ये, हुमनाबाद मागं पडल्यावर, मी कसंबसं म्हणालो, "अप्पा, मला कळायला पाहिजे होतं."

"तुला कसं कळंल रं? तू काय डाक्टर हायस?"

त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. मी नुसती मान हलवली, जणू ते म्हणतात तेच खरं.