क्लोरोफॉर्मचा खालचा थर

आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. मोहोळच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचे कपाट होते आणि ते तपासणीच्या दिवशी उघडायचे. पुढे सोलापुरात राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आणि सत्तरच्या दशकात, तिथेच, खाण्यापिण्याचे पदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. पहिल्या दिवशी माझ्यासाठी वेगळे टेबल, वेगळे ब्युरेट आणि अंगात घालायला पांढरा कोट मिळाला. ज्यांनी मला तिथवर पोचवले, त्या सगळ्यांची मला त्या कोटाची बटणे लावताना आठवण झाली. काम मला जमेल याविषयी मात्र शंका नव्हती.

माझ्याकडे थंड पेये असत. ती टिकावीत म्हणून कारखानदार त्यांत बेंझोइक आम्ल घालतात. थोडे चालते, किती, त्याची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली आहे. ते मोजण्याची रीत लांबलचक, पण सरळ. पेयात मीठ विरघळवायचे, कॉस्टिक सोडा घालून ठेवायचे, गाळायचे, मग हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते नरसाळ्यासारख्या, खाली तोटी असलेल्या काचपात्रात क्लोरोफॉर्मबरोबर हलवायचे. बेंझोइक आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. तोटी उघडून तेवढा खालचा थर वाटीत घ्यायचा, उडून जाऊ द्यायचा. वाटीत उरते ते अल्कोहोलमध्ये विरघळवून ब्युरेटच्या खुणा केलेल्या नळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची. फिकट गुलाबी रंग आला की आकडा वाचायचा.

आमच्या वरिष्ठ एक बाई होत्या. आम्ही त्यांना नुसतेच बाई म्हणायचो. त्यांचा एक नियम होता: आपली भांडी आपण धुवायची. भांडी धुवायला शिपाई होता, पण बाई त्याला काचेला हात लावू देत नसत. मला सुरुवातीला वाटायचे, भांडीच घासायची होती तर शिकलो कशाला?

मी भवानी पेठेत खोली घेऊन राहायचो. खाली, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागूनच, एका मामांचा सोडा आणि ऑरेंजचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, एक यंत्र, मामा, त्यांचा भाऊ आणि दोघांची आई. एका सकाळी मामांनी मला जिन्यातच गाठले.

"साहेब, इन्स्पेक्टर बाटल्या घिऊन गेला की. तुमच्याच हापिसात येनार म्हनं?"

"येईल. पण आम्हाला नाव कळत नाही, मामा. नुसता नंबर असतो."

"नंबर असू दे. केस झाली तर लायसन जातंय. तिघांचं प्वाट त्याच्यावरच हाय. लई घालत न्हाय हो आमी, चमच्यानं मोजून घालतो."

"मर्यादेत असेल तर मर्यादेतच येईल," मी म्हणालो. मला ते पुरेसे उत्तर वाटले.

तीन दिवसांनी माझ्या टेबलावर चार नमुने आले. एकाचे सील तोडून ओतले आणि तो गडद केशरी रंग पाहताच मी ओळखले. रोज संध्याकाळी तेच तर प्यायचो. बाई त्या दिवशी साक्षीसाठी कोर्टात गेल्या होत्या. बाकीचे तीन करून शेवटी मी मामांचा नमुना घेतला आणि शेतावर राबलेल्या हाताने भांडे चांगले जोरात हलवले. दोन थरांच्या मध्ये पांढुरका फेसाळ थर झाला. तो काही केल्या बसेना. क्लोरोफॉर्म वाया जायला नको म्हणून तो फेसही वाटीत घेतला. आकडा आला मर्यादेच्या वर. मी वहीत लिहिला.

मग वाटी धुवायला घेतली आणि बोट तळाला चिकटले.

बेंझोइक आम्ल चिकटत नाही. त्याचे पांढरे चमकदार स्फटिक अल्कोहोलमध्ये विरघळून जातात. चिकटली होती ती साखर. म्हणजे त्या फेसाबरोबर पेयच वाटीत आले होते, आणि साखरेबरोबर पेयातली आंबट आम्लेही. मी मोजले होते ते सगळ्या आम्लांचे मिळून.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"फेस घेतलास?"

"व्हय, बाई." घाबरलो की माझ्या तोंडून गावचे शब्द येत.

"अरे, ताक घुसळत होतास का? लोणी काढायचं होतं?" मग वही उघडून त्यांनी माझे चारही आकडे पाहिले; वाटी मात्र मी एकाच नमुन्याची आणली होती. "हा नमुना कुणाचा, ते कळलंय तुला."

"हो. आमच्या खालचे मामा."

"आकडा कमी आला असता, तर ही वाटी मला दाखवली असतीस?"

मी खोटे बोललो नाही. "नसती दाखवली."

"मग बाकीचे तीनही पुन्हा कर. तेही तूच घुसळलेत ना? कुठं फेस घेतलास, कुठं टाकलास, आठवतंय?"

आठवत होते. दोन नमुन्यांत फेस झालाच नव्हता. एकात झाला होता आणि मी तो सोडून दिला होता. त्यात अडकलेले बेंझोइक आम्ल मोरीत गेले होते. तो नमुना मर्यादेत आला होता.

चारही बाटल्यांत पुन्हा करण्याइतके पेय शिल्लक होते. मी दोन दिवस घेतले. भांडे आडवे धरून सावकाश फिरवायचे, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसे, हे बाईंनी एकदाच करून दाखवले. फेस आलाच तर काचेच्या कांडीने ढवळून तो मोडायचा, आणि थर स्वच्छ झाल्याशिवाय तोटी उघडायची नाही. प्रत्येक नमुना दोनदा केला. प्रत्येक वाटी धुताना तळाला बोट फिरवून पाहिले.

मामांचा नमुना मर्यादेत आला, दोन्ही वेळा जवळजवळ सारखा. दोन नमुने होते तसेच राहिले. ज्याचा फेस मी सोडला होता, तो मर्यादेच्या वर गेला. तो कुणाचा, मला माहीत नव्हते. त्याच्याही घरी कुणी यंत्रावर बसत असेल, हे मनात आले. मी आकडा पुन्हा तपासला, तो बरोबर होता, आणि अहवालात लिहिला.

बाईंनी चारही अहवालांवर सह्या केल्या. काही दिवसांनी मामा जिन्यात भेटले, तोंडभर हसत.

"साहेब, सुटलो की! तुमी काय केलं?"

"दोनदा मोजलं," मी म्हणालो.

त्यांना ते पटले नाही. मी ओळख वापरली असेच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले, आणि ऑरेंजचे पैसे घ्यायला ते तयार होईनात. म्हणून मी त्यांच्याकडे ऑरेंज प्यायचे बंद केले. वर्षभराने मला नोकरीत कायम करण्यात आले, तेव्हा त्यांच्या आईने पेढा मात्र हातावर ठेवला. तो घेतला.