शेवटची बांधी

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी माझ्या तीन वर्षांच्या पोरीला लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधून कामाला जात होते. तेव्हा मी हे कुणापासून लपवलं नाही, आता लिहितानाही लपवणार नाही. लाज वाटायचीच असेल तर ती एकट्या मलाच का वाटावी?

नवरा नागपूरला कंपनीत, घरी माझे म्हातारे बाबा. त्यांना दिसायचं कमी, आणि पोरगी नजर चुकवून थेट हायवेवर पळायची. तिथून राइस मिलचे ट्रक जायचे. म्हणून बांधायची. पहिले दोन दिवस ती रडली, मग रडायची थांबली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. नगरपंचायत झाल्यापासून त्याला शहर म्हणायचं. शहरात अंगणवाड्या चार. त्यातल्या तीन बाजारचौकाभोवती, इतक्या जवळ की एकीतली बडबडगीतं दुसरीत ऐकू यावीत. चौथी बसस्टँडच्या मागे. दवाखाना, वाचनालय, म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र, सगळं तिकडेच. आमचा वॉर्ड हायवेच्या अलीकडे, तलावाच्या खाली. आमच्या वाट्याला आली गावाचा कचरा टाकायची जागा. ती मात्र न मागता मिळाली.

पाचवी अंगणवाडी मंजूर झाली आणि तीही बाजारातच होणार असं कळलं, तेव्हा मी नगरपंचायतीत जाऊन साहेबांसमोर उभी राहिले.

"ताई, तुमच्याकडे जागाच नाही," साहेब म्हणाले.

"कचऱ्याले भेटली ना जागा? मंग लेकरांलेच काहून नाई भेटत?"

साहेब हसले. "हे पहा, बाजारवाल्यांची मागणी आली, अर्ज आले. तुमच्याकडून कोणी कधी काही मागितलंच नाही."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे बाबा पानकर होते. पानकर म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीने बांध्यांना, धानाच्या खाचरांना, देणारा माणूस. तलाव अर्धा भरला की त्यांचा नियम एकच, पाणी शेवटच्या बांधीपासून द्यायचं. वरच्या बांधीला झिरपून तरी ओल मिळते, शेवटचीला काहीच नाही. वरचे शेतकरी शिव्या द्यायचे, एकदा तर बाबांच्या अंगावर काठी घेऊन धावले. बाबा फावडं खांद्यावर टाकून शेवटापर्यंत चालत जायचे, शेवटची बांधी डोळ्यांनी बघायचे आणि मगच पाणी सोडायचे. त्या माणसाच्या लेकीला हा साहेब अर्जाच्या गोष्टी सांगत होता!

मी वॉर्डातल्या बायका गोळा केल्या. रोवणी आम्हीच करतो. बाजारवाल्यांच्या बांध्यांत आमचे हात लागले नाहीत, तर उपटून ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या धुऱ्यावर पिवळ्या पडतात. सोमवारी सकाळी आम्ही शेतात गेलोच नाही. अठरा लेकरं घेऊन नगरपंचायतीच्या व्हरांड्यात जाऊन बसलो.

"अर्ज पायजे होते ना सायेब?" मी म्हटलं. "हे घ्या अठरा अर्ज."

एका अर्जाने साहेबांच्या दारातच कार्यक्रम उरकला. शिपाई नाक धरून पाणी ओतत राहिला. दुपारपर्यंत शेतमालकांचे फोन सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी साहेब मऊ पडले. अंगणवाडी आमच्या वॉर्डात होणार, तीही माझ्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत. त्या दिवशी मी पोरीला खांद्यावर घेऊन घरी आले. लुगड्याची पट्टी चुलीत घातली.

आनंदात एकच खडा लागला. नाल्यापलीकडे आमच्याच वॉर्डाची नऊ घरांची टोली आहे. तिथली एक बाई ते तिन्ही दिवस नगराध्यक्षांच्या बांधीत रोवणी करत होती. हापशीवर आम्ही तिचा उद्धार केला. घरभेदी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

बाबा खाटेवरून ऐकत होते. "ते काहून नाई आली, इचारलं का तिले?"

"कायले इचारू? तिले तोंड नाई का? सांगाचं होतं तिनं."

"शेवटच्या बांधीवाला बोंबलला तरी वरतं आयकू येत नाई, बाई. म्हणून तं पानकराले चालत जा लागते."

बाबांना खोटं पाडायचं म्हणून मी निघाले. नाला गुडघाभर पाण्यातून ओलांडला, चिखल तुडवत टोलीवर पोचले. तिचं दार उघडं होतं. आत तिची लेक होती, माझ्या पोरीच्याच वयाची, दाराच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेली. पायाला वळ उठला होता. ती माझ्याकडे बघत राहिली, रडली नाही.

मी आत गेले. दोरी सोडली. तिची आई कामावरून येईपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसून राहिले.

आई आली, मला बघून घाबरली. "तुमी सारे बसले होते म्हणते. मले कोणी सांगतलंच नाई, बाई. बांधी इकडंच हाय, मी गेली कामाले."

खरंच होतं. नाल्याच्या अलीकडेच आम्ही बायका मोजल्या, अलीकडेच काम बंद ठेवायचे अंगठे घेतले. तिने काही मागितलं नाही म्हणून तिला काही नको, असं मी धरून चालले होते. साहेब आणि मी, कुणी कुणाला हसावं?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऑफिसात. "अंगणवाडी टोलीवर करा. आन् नाल्यावर रपटा बांधून द्या."

"ताई, अख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं तुम्ही. आता दारात देऊन राहिलो, तर दारात नको?"

"नको. तिथं जागाबी हाय, कोणाचा कचराबी नाई."

बायका भडकल्या. दोघी तर दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. रपट्यासाठी, नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलासाठी, व्हरांड्यात आणखी दोनदा बसावं लागलं, तेव्हा त्याच दोघी सगळ्यांत पुढे होत्या. अंगणवाडी टोलीच्या समाजमंदिरात सुरू झाली. पावसात पोरीला कडेवर घेऊन तो चिखल तुडवताना मी आजही बाबांच्या नियमाला शिव्या घालते. पण दोन्ही पोरी एकाच चटईवर बसतात, आणि दोघी गळा काढून रडतात.

आता दवाखान्याचं उपकेंद्र यायचं आहे. परवा साहेबांनी मला बघूनच कागद पुढे सरकवला. "ताई, या वेळी तुमच्या वॉर्डाचा अर्ज आधीच देऊन टाका."

मी कागद तसाच मागे सरकवला. म्हटलं, "अर्जाची वाट नका पाहू, सायेब. चपला घाला आन् चाला माह्यासंग."