देवीखालचा रेडिओ
आमच्या घरात रेडिओ नव्हता. रेडिओ गाडीत होता. आबा लोणावळा स्टेशनवर टॅक्सी लावत. दुपारी ते जेवायला आले की गाडी दारातल्या जांभळाखाली उभी राहायची. आबा आत आडवे झाले की आई तांदळाचं सूप घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसायची आणि बायकांचा कार्यक्रम ऐकत तांदूळ निवडायची. रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की अर्धा मिनिट नुसताच घुमायचा. तेवढ्यात आई पदर सावरून, पाय वर घेऊन, सूप मांडीवर ठेवून तयार.

एका उन्हाळ्यात तो मुका झाला. त्यानंतर चार महिने आई त्याच वेळी गाडीत बसून मुकाट तांदूळ निवडत होती.

मी तेव्हा तळेगावच्या एका कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायचे, एवढंच काम, पण घरी माझा रुबाब इंजिनिअरचा. पगारातून साठवून मी पुण्याहून गाडीत बसवायचा नवा ट्रान्झिस्टर रेडिओ आणला, आणि सुट्टीच्या गुरुवारी स्वतःच बसवणार असं जाहीर केलं.

"दुपारचा कार्यक्रम हुकायचा न्हाई ना?" आईने विचारलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे."

नऊला सुरुवात केली. जुन्या रेडिओची बटणं लगेच निघाली, पण रेडिओ आणि त्याचा स्पीकर होता डॅशबोर्डच्या लांब पट्टीमागे. ओरखडा पडू नये म्हणून मी स्वयंपाकघरातलं उलथणं आणलं. पट्टीची दोन्ही टोकं सुटून मिशांसारखी पुढे आली. मधला भाग काही हलेना.

ओट्यावर तंबाखू मळत बसलेले आबा म्हणाले, "त्ये तितनं न्हाई सुटायचं."

"का?"

"मधला स्क्रू काढून त्याच भोकात देवी बसवलीया म्या. कार्ल्याला नारळ फोडून. तिला हात लावायचा न्हाई."

"मग रेडिओ कसा निघणार?"

"त्ये तू बघ. इंजिनेर कोन हाय?"

मग मी खालून प्रयत्न सुरू केले. डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर. शेजारची मावशी पाणी घेऊन चालली होती, ती थबकली. "गाडी अंगावरनं गेली का काय ह्याच्या?"

"न्हाई," आबा म्हणाले. "गाडी हाय तितंच हाय. त्योच आत गेलाय."

बारा वाजून गेले. कार्यक्रम एकला. मी घामाघूम, हाताची सालं निघालेली, आणि चार महिने पाहिलेली वाट माझ्यामुळे आणखी एका दिवसाने वाढणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात आई हातपाय धुऊन, ताम्हनात हळदकुंकू घेऊन आली. आबांकडे न बघता म्हणाली, "तिलाबी चार महिनं काय ऐकाया मिळालं न्हाई की."

आबांनी तोंड फिरवलं. आमच्या घरात परवानगी अशीच मिळायची. मी देवीचा स्क्रू सोडला, आईने देवीला कुंकू लावून ताम्हनात घेतलं, आणि पट्टी अलगद माझ्या हातात आली.

मी आत डोकावलो.

देवीला रोज सकाळी उदबत्ती लावायचं काम लहानपणापासून माझं. उदबत्ती खोचायला तिच्यापुढची बारीक भोकांची जाळी मला फार सोयीची वाटली होती. भोकं अगदी मापाची. ती जाळी स्पीकरची आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जाळीखाली काय होत असेल हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. आत मूठमूठ राख आणि जळक्या काड्यांचा भारा. स्पीकरच्या कागदी पडद्याची पार चाळण झाली होती. रेडिओला बिचाऱ्याला काहीच झालेलं नव्हतं.

"काय झालंय?" आबांनी विचारलं.

"व्हॉल्व्ह गेलाय," मी म्हणालो, आणि राख हळूच खाली फुंकून टाकली.

नवा रेडिओ आणि त्याच्यासोबत आलेला स्पीकर बसवून, देवी जागेवर लावून, एकला पाच कमी असताना मी आईला हाक मारली. ती एक पाय आत टाकते न टाकते तोच मी ऐटीत बटण फिरवलं. रेडिओ त्याच क्षणी खणखणीत बोलायला लागला. आई दचकली, मूठभर तांदूळ खाली.

"आरं, बसू तरी दे मला," ती रेडिओला म्हणाली.

मग बसली, पाय वर घेतले. कार्यक्रम सुरू झाला. मी शाबासकीची वाट बघत दाराशी उभा. बऱ्याच वेळाने, तांदळातली नजर न काढता ती हळूच म्हणाली, "नाक पूस. राख लागलीया."

पुढे ती गाडी विकेपर्यंत मी बघत आलो. आई आधी पदर सावरायची, सूप मांडीवर घ्यायची, मग बटणावर हात ठेवून क्षणभर थांबायची, आणि मगच फिरवायची.

आणि त्या गुरुवारनंतरच्या सकाळी मी उदबत्ती लावायला गेलो, तर देवीपुढे अर्धा चिरलेला बटाटा ठेवलेला होता, मधोमध भोक पाडून. आईने ठेवला की आबांनी, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.