डॉक्टरांच्या आवाजातला फोन

ताईला ल्युकेमिया झाला होता म्हटल्यावर रुमाल काढलात ना? ठेवा आत. ताई ठणठणीत आहे. नोएडाच्या तिच्या स्वयंपाकघरात आत्ता पोहे परततेय — आणि माझ्याशी बोलत नाहीये. का, तेच सांगतो. कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी आवाज काढतो. चाळीसगावच्या शाळेत हेडसरांचा काढून मार खाल्ला, इथे येऊन भाऊजींच्या साहेबांचा काढला. ताईच्या डॉक्टरांचा तर बिल्कुल हुबेहूब — नाकातून, दर वाक्याआधी "देखिए". केमोच्या दिवसांत ताई त्यावरच हसायची.

आजार डॉक्टरांनीच समजावला होता. रक्त हाडांच्या आत, बोन मॅरोत बनतं. तिथे कच्च्या पेशींनी गर्दी केली की चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. केमोने गर्दी हटली, पण ताईचा आजार उलटायची भीती होती. म्हणून भावंडाच्या पेशी द्यायच्या, जुळल्या तर. भावंड म्हणजे — मी. एकुलता एक. आधी फक्त माझं रक्त तपासायचं होतं.

फक्त रक्त! पण माझ्या डोक्यात काय? पाठीत ड्रिल. आणि जुळलं तर? मग नाही कसं म्हणणार?

तपासणीच्या सकाळी मित्राच्या फोनवरून ताईला फोन लावला. "देखिए, मशीन बंद है. भाई को अगले हफ्ते भेजिए." आणि त्याच्याबरोबर चादरी आणायला पानिपतला गेलो. तिथे जाऊन हरलेले पुष्कळ असतील, यार — मी तर पळून तिथे पोचलो.

परतलो तर ताई म्हणाली, "डॉक्टरांचा आवाज काढ ना जरा." म्हटलं, घसा बसलाय. आठवडाभर बसलेलाच ठेवला.

मग गेलो. शूर झालो म्हणून? छे. पुन्हा फोन करायची हिंमत होईना, एवढंच.

जुळलं. ड्रिल कसलं? काही दिवस इंजेक्शनं, मग हातांत सुया घालून पडून राहायचं, पेशी मशीन वेगळ्या करतं. मी तर झोपलो. आज ताईचा ब्लड ग्रुपही माझाच आहे. बडबड मात्र तिचीच.

इतकं सगळं छान झाल्यावर काल सांगून टाकलं. वाटलं, हसेल.

"गाढवा! निर्लज्जा!" तिने हातातली उलथणी आपटली. "त्या आठवड्यात रोज वाटायचं — मशीन सुरू होईपर्यंत हा आजार थांबेल का? सगळ्यांचे आवाज काढतोस ना? चल, त्या आठवड्यातला माझा काढून दाखव."